हवेचा जमाखर्च

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण. बोलताना जसे झाले तसेच ठेवले आहे, फक्त थोडी काटछाट केली आहे.)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुम्ही बँकेत होतात, तर गुंतवणुकीवर पंधरा मिनिटं बोला." मी म्हटलं, गुंतवणुकीबाबत हल्ली माझी मुलंसुद्धा माझं ऐकत नाहीत, तिथे तुम्हाला कशाला त्रास देऊ? मला दुसऱ्याच विषयावर बोलायचंय. पत्रिकेत त्यांनी "आरोग्य आणि आपण" असं छापलं आहे. ते राहू दे तसंच. विषय आहे घरातली हवा.

बाहेरच्या हवेबद्दल आपण रोज बोलतो. मेट्रोचं काम, रस्त्याची धूळ, समोरच्या प्लॉटवरचं सिमेंट. घरात शिरून दार लावलं की सुटलो असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. का वाटेनासं झालं ते सांगतो. ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि त्यांची परवानगी मी घेतलेली आहे.

२०२२ चा जानेवारी. कोविडची तिसरी लाट, शिवाय कडाक्याची थंडी. सकाळी साडेसातला आमच्या सौ. न्हायला गेल्या. केस धुवायचे होते, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. वीसेक मिनिटांनी बाथरूममधून काहीतरी पडल्याचा आवाज आला. हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. आतून कडी होती. समोरच्या फ्लॅटमधला मुलगा माझी हाक ऐकून धावत आला, त्याने खांद्याने दार ढकललं, कडीचे स्क्रू निघाले. सौ. भिंतीला टेकून बसल्या होत्या, मान खाली, डोळे अर्धवट उघडे. गरम पाणी तसंच चालू, गीझर तसाच पेटलेला.

तिला चादरीत गुंडाळून हॉलमध्ये आणलं आणि बाल्कनीचं दार उघडलं. हे एवढं एक काम योग्य झालं, आणि तेही नकळत. थोड्या वेळाने ती बोलायला लागली. डोकं ठणकतंय, मळमळतंय. त्या दिवसांत घरोघरी ऑक्सिमीटर होते. मी तिच्या बोटाला लावला. आकडा आला ९८. आयुष्यभर आकड्यांवर विश्वास ठेवलेला माणूस मी! ९८ म्हणजे सगळं ठीक. आदल्या दिवशी तिचा उपास होता, म्हणून मी ठरवून टाकलं की पित्त झालं असणार. लिंबू-सरबत केलं. तिला उलटी झाली, मला वाटलं, चला, पित्त पडलं. अशी चाळीस मिनिटं मी घालवली. शेवटी मुलीचा फोन आला, ती ओरडली, तेव्हा हॉस्पिटलमध्ये नेलं.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होती, आपल्या नातीच्या वयाची म्हणा ना. तिने बीपी बघायच्या आधी विचारलं, "आजोबा, बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का?" मी म्हटलं, आहे, पण ऑक्सिजन ९८ आहे. ती म्हणाली, "तो खोटं बोलतोय." आणि मास्क लावला.

पुढे तिने जे समजावून सांगितलं ते तुम्हाला सांगतो. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपल्या सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. पण गॅस जळून जो मोनॉक्साइड होतो त्याला तसला काही वास नसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरतं त्याच्या दोनशेपट जोराने या वायूला धरतं. आणि बोटाला लावायचा तो साधा ऑक्सिमीटर रक्ताचा रंग बघतो. मोनॉक्साइडने भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेल्या रक्तासारखंच दिसतं, म्हणून तो बिनदिक्कत ९८ दाखवतो. बँकेत खोटी नोट खऱ्याच्या गठ्ठ्यात जावी आणि मोजणी बरोबर यावी, तसं. म्हणून, मंडळी, गीझर चालू असताना कुणाला चक्कर आली, डोकं धरलं, तर ऑक्सिमीटर शोधू नका. माणसाला उघड्यावर आणा, गॅस बंद करा, हॉस्पिटल गाठा.

दोन दिवसांनी ती घरी आली. त्यानंतर जवळजवळ दोन महिने तिला नावं आठवायला वेळ लागायचा. ज्या बाईला आख्ख्या सोसायटीच्या मुलांचे वाढदिवस पाठ, ती फोडणीसमोर उभी राहून मला विचारायची, "याला काय म्हणतात?" हिंग हा शब्द आठवत नसायचा. आता सगळं ठीक आहे. मी काय काय विसरतो याची यादी ती पुन्हा देऊ लागली आहे.

आता हिशोबाकडे येतो. एक किलो गॅस नीट जळायला साधारण बारा घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गीझर थंडीत पूर्ण सोडला की तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो. आपल्या बाथरूमचं माप सगळ्यांना माहीत आहे, चार बाय सात. उंची धरून आतली हवा सहा-साडेसहा घनमीटर. त्यातच माणूस, त्यातच वाफ. खोलीतली सगळी हवा संपावी लागत नाही. ऑक्सिजन थोडा उतरला की ज्योत नीट जळेनाशी होते आणि मोनॉक्साइड वाढू लागतो. पहिला माणूस पाच मिनिटांत बाहेर येतो, त्याला काही होत नाही. लागोपाठ तिसरा किंवा जास्त वेळ न्हाणारा, त्याला होतं. म्हणूनच "आमच्याकडे दहा वर्षं आहे, काही झालं नाही" या वाक्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. आमच्याकडेही नऊ वर्षं काही झालं नव्हतं.

मग दहाव्या वर्षी का झालं? इथून पुढचं बोलायला मला जरा जड जातंय.

आपल्या बाथरूमच्या खिडक्यांना काचेच्या आडव्या पट्ट्या आहेत. त्या उघडतात डक्टमध्ये. डक्ट पार्किंगपासून गच्चीपर्यंत मोकळा होता. २०१६ साली मी सेक्रेटरी होतो. डक्टमध्ये कबुतरं झाली होती. वरून पाऊस यायचा, खाली पाइपांवर विष्ठेचा थर, पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना दार उघडवत नव्हतं. त्यांची तक्रार शंभर टक्के खरी होती. कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने काही लोकांची फुप्फुसं कायमची खराब होतात, छातीचे डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. तेव्हा काहीतरी करायला हवं होतंच. आपण काय केलं? गच्चीवर दोन्ही विंगच्या डक्टवर फायबरचा पत्रा टाकला आणि कडेच्या फटी सिमेंटने बुजवल्या. काम स्वस्तात झालं, मी तीन कोटेशन्स मागवली होती, त्याचा मला अभिमान होता. कबुतरं गेली. टाळ्याही मिळाल्या.

त्या सभेत एकच माणूस उभा राहिला होता. ११ नंबरमधले काका. ते आता नाहीत. आयुष्य बांधकाम खात्यात गेलेले. ते म्हणाले, "सेक्रेटरी, डक्ट पाण्यासाठी नाही, वाऱ्यासाठी असतो. वरून बंद केलात तर ती बाटली होईल. पत्रा दोन फूट वर उचला, बाजूला जाळी लावा." खर्च दुप्पट होत होता. मी इतिवृत्तात लिहिलं, "सदर सूचनेची नोंद घेण्यात आली." बँक असो की सोसायटी, या वाक्याचा अर्थ काय होतो ते इथल्या प्रत्येक नोकरदाराला माहीत आहे.

पत्रा पडल्यावर बत्तीस फ्लॅटच्या गीझरांची, फोडण्यांची, वाफांची हवा त्या बाटलीत साठायला लागली. भिंतींना काळी बुरशी आली, ती आपण पावसाळ्याच्या नावावर टाकली. त्यात मी माझ्या घरात आणखी एक शहाणपणा केला होता. थंडीत झोत येतो म्हणून खिडकीच्या पट्ट्यांवर आतून अॅक्रिलिकची शीट चिकटवली होती, आणि खालून मुंग्या येतात म्हणून दाराच्या फटीला रबराची पट्टी लावली होती. म्हणजे हवेला यायची वाट नाही, जायची वाट नाही, आणि मधे एक किलोने जळणारा गॅस. हॉस्पिटलातून आल्यावर मी गीझरची पुस्तिका काढली. वॉरंटी कार्डासकट पाकिटात नीट जपून ठेवलेली. बंद बाथरूममध्ये बसवू नये असं तिच्यात लिहिलेलं होतं. मी दहा हजार लोकांना कर्जाच्या अर्जातलं बारीक अक्षर वाचून सही करा असं सांगितलं असेल!

त्याच आठवड्यात प्लंबरला बोलावून गीझर ड्राय बाल्कनीत हलवला. पाइप आत नेला, खर्च फार नाही. अॅक्रिलिक आणि रबर काढलं. पत्र्याचं मात्र इतकं सोपं नव्हतं. तो सगळ्यांचा होता, आणि ठरावही मीच लिहिलेला. आठ महिने लागले. "पुन्हा कबुतरं येतील" हा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. शेवटी अ विंगचा पत्रा अडीच फूट वर उचलला, चारही बाजूंनी नायलॉनची जाळी. तीन वर्षं झाली, कबुतर नाही, पाऊस नाही, आणि बुरशी निम्म्याहून कमी. ब विंगचा पत्रा अजून तसाच आहे.

ऑफिसमधल्या हवेबद्दल थोडं सांगतो, कारण तिथेही मी असाच वागलो होतो आणि त्याबद्दल एका माणसाची माफी मागायची राहून गेली.

मी १९७३ साली बँकेत लागलो तेव्हा आमची शाखा पेठेतल्या एका जुन्या वाड्यात होती. छत चौदा फूट, खिडक्या माणसाएवढ्या, वर दोरीने उघडायची झडपं. उन्हाळ्यात घाम यायचा, पावसाळ्यात व्हाउचर ओली व्हायची, पण दुपारी तीनला कुणाचं डोकं दुखत नसे. निम्मे लोक विड्या-सिगारेटी ओढत, ते वेगळं. पुढे कॉम्प्युटर आले. रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर आमच्या क्षेत्रात ते हळूहळू सगळीकडे शिरले. यंत्राला धूळ चालत नाही, उष्णता चालत नाही, म्हणून नव्या जागेत एसी आला. एसीची हवा जाऊ नये म्हणून खिडक्यांना प्लाय ठोकलं. सतरा माणसं, दिवसभर येणारी गिऱ्हाइकं, नव्या टेबलांच्या सनमायकाचा आणि गोंदाचा वास, आणि कॅशमध्ये नोटांच्या बंडलांची धूळ.

महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या. डोळे चुरचुरतात, घसा बसतो, जेवणानंतर झोप येते. मी तेव्हा अकाउंटंट होतो. मला वाटलं, एसीत बसून लोक सुस्तावले. एक क्लार्क दर तासाला उठून मागच्या जिन्यात जाऊन उभा राहायचा. सिगारेट नाही, काही नाही, नुसता उभा. मी त्याला लेखी समज दिली, "कामाच्या वेळेत जागेवर उपस्थित राहावे." त्याने सही करून घेतली आणि म्हणाला, "साहेब, आत श्वास पुरत नाही." मला तो उद्धटपणा वाटला.

आमचा शिपाई मात्र हुशार निघाला. रेकॉर्ड रूमला मागे एक दार होतं. दुपारी दोन वाजता तो ते पाचरीने अर्धं उघडून ठेवायचा आणि पुढचं दारही जरा सैल सोडायचा. मॅनेजर आले की बंद. विजेचं बिल थोडं वाढलं असेल. पण तीन वाजता चुका कमी व्हायच्या, डे-बुक लवकर जुळायचं. तेव्हा आम्ही श्रेय चहाला दिलं.

निवृत्तीनंतर याबद्दल वाचलं तेव्हा कळलं की ही आमच्या एका शाखेची गोष्ट नव्हती. १९७३ साली तेलाचे भाव भडकल्यावर अमेरिकेत इमारती घट्ट बंद करायला सुरुवात झाली, थंड-गरम केलेली हवा वाया जाऊ नये म्हणून. तिथल्या एसीच्या अभियंत्यांची अॅश्रे नावाची संस्था आहे. बाहेरची ताजी हवा माणशी किती हवी याचं मानक तिने १९८१ साली मिनिटाला ५ घनफुटांपर्यंत खाली आणलं. पुढे आजारी इमारतींच्या इतक्या तक्रारी आल्या की १९८९ साली ते किमान १५ आणि ऑफिसांसाठी २० करावं लागलं. त्या आजाराला नाव पडलं सिक बिल्डिंग सिंड्रोम. माणूस इमारतीत आला की दुखतं, बाहेर पडला की बरं वाटतं. जिन्यात उभा राहणारा आमचा क्लार्क म्हणजे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण होता, आणि मी त्याच्या फाइलला कागद लावला.

आणि आपल्या घरातला स्प्लिट एसी तर बाहेरची हवा आत आणतच नाही. खोलीतली हवा ओढतो, गार करतो आणि आपल्यालाच परत देतो. माझ्या भाच्याने मला एक छोटं यंत्र दिलं आहे, हे बघा, तळहाताएवढं. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतं. मोकळ्या हवेत हा आकडा आता ४२० च्या आसपास असतो, दहा लाखांत ४२० भाग. घरात आपल्या उच्छ्वासाने तो वाढतो. म्हणजे तो किती वाढला यावरून दुसऱ्याच्या फुप्फुसातून आलेली किती हवा आपण घेतोय याचा अंदाज येतो. तो स्वतः या प्रमाणात विष नाही, पण सगळ्या शिळ्या हवेचा साक्षीदार आहे. म्युनिकचे पेटेनकोफर नावाचे शास्त्रज्ञ १८५८ सालीच सांगून गेले की खोलीत हा आकडा हजाराच्या वर जाऊ नये. आजही लोक अंदाजाला तोच हजार धरतात.

मी आमच्या बेडरूममध्ये रात्री ठेवला. दोघं जण, एसी, दार-खिडक्या बंद. झोपताना ५८०, पहाटे पाचला २६४०. दुसऱ्या रात्री खिडकी चार बोटं उघडी आणि दाराला फट, एसी तोच, पहाटे ८१०. मग हे यंत्र मी कमिटीच्या मीटिंगला नेलं. आपलं ऑफिस दहा बाय बारा, नऊ माणसं, एसी चालू. आठ वाजता ५६०, पावणेनऊला २३१०. विषय होता पार्किंगचा. आता मी असं म्हणत नाही की त्या दिवशीची भांडणं हवेमुळे झाली, पण दार उघडून ठेवल्यावर पुढची मीटिंग अर्धा तास लवकर संपली, हे इतिवृत्तात आहे.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. या यंत्राला मोनॉक्साइड कळत नाही. नावं सारखी आहेत, वायू वेगळे आहेत. त्याचा अलार्म वेगळा मिळतो, आणि गॅस गळतीचा अलार्म तिसराच. बाथरूममध्ये गीझर ठेवून भिंतीला अलार्म लावणं हा पर्याय नाही. गीझरच बाहेर गेला पाहिजे.

आता कुणीतरी विचारणार, आणि चार दिवसांपूर्वी २३ नंबरच्या वहिनींनी विचारलंच, "भाऊजी, खिडक्या उघडा म्हणता, पण बाहेरची हवा तरी कुठे चांगली आहे?" बरोबर आहे. बारीक धुळीचं, म्हणजे पीएम २.५ चं, आपल्या देशाचं चोवीस तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटना १५ म्हणते, आणि थंडीत आपल्याकडे कितीतरी दिवस पहिलंसुद्धा पाळलं जात नाही. म्हणून वेळ बघायची. रस्त्याकडच्या खिडक्या सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बंद, मागच्या बागेकडच्या उघड्या. दुपारी सगळ्या उघड्या. पण घरातल्या धुराचं खापर बाहेरच्यावर फोडू नका. डासांसाठी आपण कॉइल लावतो आणि धूर बाहेर जातो म्हणून खिडकी लावून घेतो! २००३ साली चीन आणि मलेशियातल्या कॉइलींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असं त्यात निघालं. खिडकीला सरकती जाळी बसवली तर डासही बाहेर आणि कॉइलही. उदबत्तीबद्दल मी बोलत नाही, मला घरी जायचंय. एवढंच म्हणतो, देवघरासमोरची खिडकी तेवढ्या वेळात उघडी असली तर देवाची काही हरकत नसावी.

पार्किंगबद्दल एक. पहिल्या मजल्याच्या बेडरूम बरोबर पार्किंगवर आहेत. सकाळी गाडी चालू करून फोनवर बोलत बसू नये. कोण बसतं ते आपल्याला माहीत आहे.

शेवटचा मुद्दा, आणि खरं म्हणजे ज्यासाठी उभा राहिलो तो. पंचवीस वर्षं झाली, आता सगळीकडे रिडेव्हलपमेंटची चर्चा आहे, आपल्याकडेही दोन बिल्डर येऊन गेले. सभेत प्रश्न काय आले? कार्पेट किती वाढणार, भाडं किती देणार, पार्किंग किती. नकाशा माझ्या हातात आला तेव्हा मी डक्ट शोधला. आत्ताचा आपला डक्ट पाच बाय चार फुटांचा आहे. नव्या नकाशात इमारत चौपट उंच आहे आणि डक्ट त्याहून लहान आहे. दोन बेडरूमच्या खिडक्या शेजारच्या इमारतीपासून हाताच्या अंतरावर आहेत.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा अंधाऱ्या, कोंदट चाळींची घराघरांत तपासणी झाली, उजेड-वारा यावा म्हणून कौलं काढून टाकली गेली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो हे नंतर कळलं, म्हणजे निदान चुकीचं होतं, पण क्षयरोग हवेतूनच पसरतो आणि त्याला ती कोंदट खोली फार मानवते. मग १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यांचे एक अधिकारी, जे. पी. ऑर, यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या एकाच विषयावर व्याख्यान दिलं होतं. ट्रस्टचा नियम साडेत्रेसष्ट अंशांचा होता. सोप्या भाषेत, राहत्या खोलीच्या खिडकीसमोर भिंतीच्या उंचीच्या निम्मी जागा मोकळी हवी. चाळीस फुटांची इमारत, तर वीस फूट. बाथरूमच्या डक्टला तो नियम लावता येणार नाही, मला कळतं, आणि आजच्या जमिनीच्या भावात बेडरूमलाही तो पूर्ण मिळणार नाही. पण शंभर वर्षांपूर्वी जो प्रश्न नकाशावर पहिला विचारला जायचा तो आपल्या सभेत एकदाही विचारला गेला नाही, आणि मीही विचारला नाही, कारण त्या वेळी मी कार्पेटचा गुणाकार करत होतो.

तेव्हा माझ्या दोन विनंत्या आहेत, इतिवृत्तात घ्या, पण "नोंद घेण्यात आली" असं लिहू नका. एक, ब विंगचा पत्रा येत्या थंडीच्या आधी अ विंगसारखा वर उचलायचा. मी कोटेशन आणलं आहे, या वेळी एकच आणलं, जो चांगलं काम करतो त्याचं. त्यातला वाटा म्हणून मी माझ्या वतीने अकरा हजार देतो आहे. पावती ११ नंबरच्या काकांच्या नावाने फाडली तर बरं वाटेल. दुसरी, बिल्डरशी पुढची बैठक होईल तेव्हा नकाशावर प्रत्येक बाथरूमची हवा कुठून येते आणि कुठे जाते हे बोट ठेवून दाखवायला सांगायचं. सांगता आलं नाही तर सही नाही.

आपल्या बत्तीस फ्लॅटपैकी एकोणीसांत गॅस गीझर आहेत, त्यातले अकरा अजून बाथरूमच्या आत. यादी माझ्या खिशात आहे. नावं वाचत नाही, समारंभ आहे. उद्यापासून मी आणि समोरच्या फ्लॅटचा तो मुलगा प्लंबरला घेऊन एकेका घरी येतो आहोत. चहा नको, बाथरूम दाखवा.

आणि हे यंत्र उद्यापासून ऑफिसमध्ये ठेवतो. ज्याला हवं त्याने एका रात्रीसाठी न्यावं, सकाळचा आकडा वहीत लिहावा आणि परत आणून द्यावं. नेताना सही, आणताना सही. जुनी सवय आहे, चालवून घ्या. पहिलं नाव सौ. नी कालच लिहून ठेवलंय, आमच्या मुलीच्या घरी नेणार आहेत म्हणे. तिथेही खिडक्या कुणी उघडत नाही.